ज्याचा अँटेना, त्याची खुर्ची

आमच्या क्लबात एक नियम आहे आणि तो माझ्या थोरल्या भावाने केलेला आहे, म्हणजे तो बदलण्याचा प्रश्नच येत नाही. स्पर्धेसाठी बेटावर गेलो की दोन अँटेना उभे करायचे, एक त्याचा आणि एक माझा. स्पर्धेआधी दोघांची झाकून परीक्षा घ्यायची. जो अँटेना जिंकेल त्याच्या मालकाने खुर्चीत बसून जगाशी बोलायचं. हरणाऱ्याने आपली केबल काढून, गुंडाळून ठेवायची आणि शेजारच्या स्टुलावर बसून वही लिहायची. ज्याचा अँटेना, त्याची खुर्ची. सहा वर्षं मी वही लिहिते आहे. माझं अक्षर फार सुंदर आहे असं सगळे म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंप, पंखा, गिरणीची मोटार, काहीही आणा. जुनी तार उपटून नवी भरून देते. माझ्या हातून गेलेली मोटार त्याच दुखण्यासाठी परत आली असं अजून झालेलं नाही. किती वेढे बसले ते मला न मोजता बोटांना कळतं. म्हणून दादा जेव्हा मान हलवत म्हणतो, "अगं ठिणगे, अँटेना म्हणजे काही वाइंडिंग नव्हे," तेव्हा मी वाद घालत नाही. शेवटी तार ती तार. ठिणगी हे नाव त्यानेच ठेवलंय, माझ्या स्वभावावरून ठेवलं की धंद्यावरून, ते त्यालाच माहीत.

दादाने तीस वर्षं जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून काढली. मी नऊ वर्षांची असताना सुट्टीवर आलेल्या दादाने मला मांडीवर घेऊन माइकचं बटण दाबायला दिलं होतं. मी "हॅलो" म्हटलं आणि समुद्रापलीकडून कोणीतरी म्हातारा हसून उत्तरला. त्या दिवसापासून मला ती खुर्ची हवी आहे. पंचावन्न वर्षांच्या बाईला हौशी रेडिओच्या एका स्पर्धेत मोडक्या लाकडी खुर्चीवर बसायचं आहे, हे ऐकून लोक हसतील. हसोत बापडे. मला हवी आहे, बस.

ही स्पर्धा वर्षातून एकदाच असते आणि फक्त बेटांवरून खेळायची असते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तेवढ्या वेळात जितक्या केंद्रांशी बोलाल तितके गुण, लांबच्याचे जास्त. बोलणं म्हणजे गप्पा नव्हेत. आपली खूण, म्हणजे केंद्राचं ठरलेलं नाव, सांगायची, कितवा संपर्क आहे तो आकडा द्यायचा, समोरच्याचा आकडा घ्यायचा, की पुढचा. चांगला बोलणारा मिनिटाला दोघांना वाटेला लावतो. दादा चांगला बोलतो, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

आमचं बेट म्हणजे एक टेकाड, त्यावर जहाजांसाठीचा, आता बंद पडलेला दिवा आणि दिव्याच्या माणसाची एक खोली. खोलीला पत्र्याचं दार, एक टेबल, एक खिडकी. तिथे होडी फक्त भरतीलाच लागते, कारण ओहोटीला चहूबाजूंनी गोटे उघडे पडतात. होडी ठरवणारा दादा, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक कायम दादाच्या खिशात. शनिवारी भर दुपारी भरतीला आम्ही तिघं उतरलो. तिसरे म्हणजे मास्तर. ते शाळेत विज्ञान शिकवतात, आमच्याकडे पंच असतात आणि त्यांचा चहा इतका वाईट असतो की तो पिऊन झोप येण्याची भीती नाही.

दादाने आपला नेहमीचा अँटेना टेकाडावर चढवला. खांबावर आडवी नळी, तिच्यावर तीन काटक्या, थेट माशाचा सांगाडा. आम्ही त्याला सांगाडाच म्हणतो. ज्या दिशेला बोलायचं त्या दिशेला त्याचं तोंड वळवावं लागतं, आणि ते काम खाली बांधलेल्या दोराने होतं. दादा आतून ओरडतो, "डावीकडे ओढ!" आणि मी किंवा मास्तर बाहेर जाऊन ओढतो.

माझी यंदा काठी होती. आठ मीटरची फायबरची काठी, तिच्यावरून सरळ वर गेलेली एक तार, आणि बुडाशी सोळा तारा चहूकडे पसरलेल्या. ती मी टेकाडावर नाही, पाण्यात उभी केली. खारं पाणी मिळालं की उभी तार लांबवर बोलते, हे मी वर्षभर दुकानाच्या मागे मिठाच्या पाण्याचं पिंप ठेवून ताडून पाहिलं होतं. शेजारच्या टायरवाल्याला वाटलं मी लोणच्याचा धंदा काढते आहे. शनिवारी गुडघाभर पाण्यात उभी राहून मी तारेची लांबी जुळवली. चार बोटं तार कापली आणि मीटरचा काटा तळाला जाऊन बसला. इतकं सुरेख जुळलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

"परीक्षा उद्या सातला घेऊ," दादा म्हणाला.

"सातला तर सातला," मी म्हटलं. घोडामैदान जवळच होतं.

रविवारी सकाळी मी उठले ती थेट जनरेटरला भिडले. मग खोलीत गेले. मास्तरांनी स्विचच्या डबीवर आपली शाल टाकली होती. त्या डबीत दोन्ही केबली येतात, एक क्रमांक सांगाडा आणि दोन क्रमांक काठी. शालीखाली हात घालून मास्तर कधी हा तर कधी तो लावणार आणि आम्ही आळीपाळीने हेडफोन घालून सांगायचं की आधीचा जोरात ऐकू आला की नंतरचा. वीस केंद्रं ऐकायची. वीस झाली. मास्तरांनी कागद वर केला आणि घसा साफ केला.

"सांगाडा पंधरा. काठी पाच."

पाच? मी उठून बाहेर गेले आणि टेकाडाच्या कडेला उभी राहिले. पाणी नव्हतंच. समुद्र सत्तर पावलं मागे सरकला होता. माझी काठी कोरड्या गोट्यांत उभी होती आणि माझ्या सोळा तारा दोरीवरून पडलेल्या कपड्यांसारख्या दगडांवर लोळत होत्या. भरतीला पाण्यात जुळवलेला अँटेना मी ओहोटीला परीक्षेला बसवला होता. जुळवला मी, वेळेला हो म्हटलं मी. हात दाखवून अवलक्षण ते हेच. माझ्या दुकानात एखाद्या पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला दिवसभर झाडू मारायला लावला असता.

"दादा, पाणी गेलंय," मी आत येऊन सांगितलं. "भरती आली की पुन्हा घ्या परीक्षा."

"नाचता येईना अंगण वाकडं," दादा म्हणाला. तो खुर्चीची उशी झटकत होता.

"मास्तर, तुम्ही तरी बोला."

मास्तरांनी चष्मा पुसला. "ताई, नियम एकाच परीक्षेचा आहे हो."

"मग गुंडाळते केबल," मी म्हटलं आणि बाहेर गेले. केबलशी वाकलेसुद्धा. पण माझ्या हातांनी ती गुंडाळली नाही. रागाने म्हणा, हट्टाने म्हणा, मी ती तशीच राहू दिली आणि परत येऊन स्टुलावर बसले. डबीवर पुन्हा शाल पडली होती आणि तिच्याखाली काय जोडलेलं आहे ते बघायला कोणी वाकलं नाही.

नऊ वाजता दादाने सुरुवात केली. पहिल्या तासात अठ्ठावन्न संपर्क. मी लिहीत होते: वेळ, खूण, दिलेला आकडा, घेतलेला आकडा. शेवटचा रकाना अँटेनाचा. तो मास्तरांच्या आग्रहाने असतो, वर्गात मुलांना दाखवायला. मी तिथे एक, एक, एक असे आकडे ओढत होते. दुसऱ्या तासात एक्केचाळीस. तिसऱ्या तासात तेवीस. जवळचे सगळे बोलून झाले होते आणि लांबचे येत नव्हते.

"आज हवाच नाही, लहरी लांब जातच नाहीत," दादा म्हणाला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. गेल्या वर्षी आम्ही दोनशे शहाऐंशीवर थांबलो होतो आणि यंदा तेवढेही होतील असं दिसत नव्हतं.

साडेबाराला सांगाड्याचा दोर ताणून यायला मी बाहेर गेले. दोर ताणला, गाठ मारली आणि खाली पाहिलं. पाणी परत आलं होतं. काठीच्या बुडाशी चांगलं गुडघाभर पाणी होतं आणि माझ्या सोळाही तारा पाण्याखाली दिसेनाशा झाल्या होत्या. काल जशी जुळवली होती अगदी तशी काठी उभी होती.

आत आले तेव्हा दादा पाण्याची बाटली तोंडाला लावून मान वर करून पीत होता. मी स्टुलावर बसले, शालीखाली हात घातला आणि स्विच फिरवला. एकपासून दोनवर, कट्‌ असा एवढासा आवाज झाला. दादाने बाटली खाली ठेवली आणि हाक दिली.

आणि उत्तरांचा पाऊसच सुरू झाला. एकाच वेळी चौघं, पाच जण, एकमेकांवर चढून. मोठ्या समुद्रापलीकडचे, सकाळपासून ज्यांचा पत्ता नव्हता ते. दादा ताठ बसला. "एकेक या, एकेक!" तो माइकमध्ये म्हणाला आणि मग मान वर करायला त्याला फुरसत मिळाली नाही. मी लिहीत होते. शेवटच्या रकान्यापाशी माझी पेन्सिल क्षणभर थांबली. एक लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पण वहीत खोटं लिहायचं नाही हे मला दादानेच शिकवलंय, वयाच्या नवव्या वर्षी. मी दोन लिहिलं. मग पुन्हा दोन.

"बघितलंस?" मध्येच हेडफोन सरकवून दादा म्हणाला. "सांगाडा आहे तो. जुनं हाड आहे. तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की तापला!"

कौतुक माझं आणि हार त्याच्या गळ्यात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी निमूट खात होते, आणि खरं सांगायचं तर मनातून नाचतही होते. माझी काठी बोलत होती. मीठ घातलेल्या पिंपातली माझी काठी अर्ध्या जगाशी बोलत होती. एक ते दोनच्या तासात अठ्ठ्याऐंशी संपर्क झाले. आमच्या क्लबात असा तास कोणी पाहिलेला नाही.

दीडच्या सुमारास दादाची बडबड थांबली. संपर्क धडाधड चालू होते, पण सांगाड्याचं कौतुक बंद झालं. अधूनमधून पुढचा आकडा बघायला तो वहीत डोकावायचा आणि पुन्हा समोर बघायचा. चोराच्या मनात चांदणं. दर वेळी मला वाटे, आता विचारेल. सांगून टाकावं असंही वाटे. पण मध्येच सांगितलं आणि हा उठून भांडायला लागला तर रांगेत उभे असलेले निघून जातील. अडीचला गेल्या वर्षीचा आकडा मागे पडला तेव्हाही दादाने नुसती मान हलवली. एरवी त्याने टेबल बडवलं असतं.

तीन वाजून गेल्यावर मास्तर चहाची किटली घेऊन आत आले.

"दादा, तुमच्या सांगाड्याचा दोर सुटलाय," ते म्हणाले. "तो पाठ करून उभा आहे समुद्राकडे. केव्हापासून कोण जाणे. तुम्ही बोलताय तरी कुणाशी?"

म्हणजे माझी गाठही सुटली होती. काठीच्या विचारात मी ती धड मारलीच नव्हती. दादाने हातातला संपर्क पुरा केला, "थोडं थांबा" असं माइकमध्ये सांगितलं आणि हेडफोन काढला. मी स्टुलावरून उभी राहिले.

"काठीवर बोलतोय आपण," मी म्हटलं. "केबल मी गुंडाळलीच नव्हती. बारा-चाळीसला स्विच मी फिरवला. नियम मोडला. काय बोलायचं ते बोल."

"बारा-बेचाळीस," दादा म्हणाला.

"काय?"

"बारा-बेचाळीस. वहीत लिहिलंयस की." त्याने वही आपल्याकडे ओढली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. दोनची रांग पानाच्या टोकापर्यंत आणि पुढच्या पानावर गेली होती. "दीडपासून बघतोय मी हे. तुझं अक्षर इतकं सुंदर आहे की न दिसायची सोयच नाही."

"मग बोलला का नाहीस?"

दादाने खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक. रविवारच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. ओहोटी, सहा पंचावन्न.

"शनिवारी तू पाण्यात उभी राहून तार कापत होतीस ना, तेव्हा मी वरून मीटर बघत होतो दुर्बिणीतून," तो म्हणाला. "काटा कुठे जाऊन बसला ते पाहिलं मी. म्हटलं, गेली खुर्ची. मग सात वाजता परीक्षा घेऊ म्हणालो."

मास्तर किटली धरून उभे होते आणि त्यांना ती कुठे ठेवावी ते समजत नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण आधी वाईटच वाटलं. सहा वर्षं मी समजत होते की दादा माझ्यापेक्षा चांगला आहे म्हणून जिंकतो. पाच वर्षं कदाचित तसंही असेल. पण यंदा तो मला घाबरला होता. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस धाकट्या बहिणीच्या काठीला घाबरून ओहोटीमागे लपला होता.

"दादा, लाज नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. दीडपासून वाटतेय." तो उठला. खुर्चीची उशी त्याने उलटी केली, झटकली आणि परत ठेवली. "आता भाषण नको देऊस. रांग लागलीय बाहेर. बस."

"नियमाप्रमाणे—"

"नियम मी केलाय. ज्याचा अँटेना, त्याची खुर्ची. बस म्हणतोय ना, ठिणगे!"

मी बसले. खुर्ची एका पायात लंगडी आहे, हे सहा वर्षांत मला माहीत नव्हतं. हेडफोन अजून दादाच्या कानांनी गरम होता. दादा माझ्या स्टुलावर बसला आणि पेन्सिल हातात घेतली. मी बटण दाबलं, आमची खूण सांगितली आणि आवाज अजिबात कापला नाही. पलीकडून सात जण एकदम आले. मी त्यातला सगळ्यात हळू आवाज उचलला, कारण सगळ्यात हळू म्हणजे बहुधा सगळ्यात लांब. "पाच नऊ, तीनशे बेचाळीस." पाच नऊ म्हणजे तुझा आवाज नीट येतोय, आणि पुढे आमचा आकडा. त्याने आपला आकडा दिला. झाला. पुढचा. दादाच्या हाताखाली सहा वर्षं नुसती वही लिहिली नव्हती मी. प्रत्येक हाक, प्रत्येक श्वास ऐकला होता. कोणाला थांबवायचं, कोणाला आधी घ्यायचं, हे माझ्या जिभेवर तयार होतं. पहिल्या पंधरा मिनिटांत सव्वीस झाले. मास्तरांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि पहिल्यांदाच मला तो बरा लागला.

"अक्षर नीट काढ," मी दादाला म्हटलं.

"काढतोय."

"हा सात आहे की एक?"

"सात आहे गं बाई."

चार वाजेपर्यंत खिडकीतून गोटे दिसायला लागले होते. पाणी चाललं होतं. लांबचे आवाज एकेक करून पातळ झाले, आणि सव्वाचारला मी तीन वेळा हाक दिली तरी कोणी उत्तरलं नाही. काठी पुन्हा कोरड्यावर आली होती. अजून पावणेदोन तास उरले होते. माझा अँटेना, माझी खुर्ची, आणि हट्टाने मी दोनवरच बसून राहू शकले असते. पण मला बोलायचं होतं. दगडांवर लोळणारी तार घेऊन कोण बोलतं?

मी शाल काढून बाजूला टाकली, दादाकडे पाहिलं आणि स्विच सगळ्यांदेखत एकवर आणला.

"सांगाडा लागेल," मी म्हटलं. "पण त्याची पाठ आहे समुद्राकडे."

मास्तर किटली ठेवून दाराकडे निघाले. दादाने त्यांना हाताने थांबवलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. अडुसष्ट वर्षांचा माझा भाऊ गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पत्र्याचं दार ढकलून बाहेर गेला. सहा वर्षांत त्याने तो दोर कधी हातात घेतलेला नाही. खिडकीतून मला तो दिसत होता. दोराचं टोक शोधायलाच त्याला वेळ लागला. मग त्याने पाय रोवले, दोर मनगटाला गुंडाळला आणि खिडकीकडे तोंड करून ओरडला.

"कुणीकडे ओढू?"

"डावीकडे!"

सांगाडा करकरत वळू लागला. हेडफोनमध्ये खरखर होती, मग खरखरीच्या तळाशी एक आवाज आला, अगदी पुसट, आमचीच खूण विचारणारा.

"आणखी थोडं, दादा! आणखी... हां. तिथेच धर."

तो तिथेच धरून उभा राहिला, आणि मी बटण दाबलं.